पान उलटण्याआधी

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की मुलांना चिकाटी शिकवायची असेल तर आधी गोष्टीचं तात्पर्य सांगणं बंद करा. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना पटलं, काहींनी मला चांगलंच धारेवर धरलं. म्हणून या वेळी फक्त गोष्टी वाचण्याबद्दलचीच पत्रं घेतली आहेत. दोन पत्रांना सविस्तर उत्तरं हवी होती, ती दिली आहेत. ज्यांना चार ओळींत उत्तर मिळालं त्यांनी रागावू नये.

ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. ठोकळ्यांचा मनोरा कोसळला की उरलेले ठोकळे लाथेने उडवतो. चित्रातली एक रेघ वाकडी गेली तरी कागद चुरगाळतो आणि 'तूच काढून दे' म्हणत माझ्या हातात खडू कोंबतो. मी जिद्दीच्या गोष्टींची पुस्तकं मुद्दाम आणली. रोज रात्री एक वाचते आणि 'यातून आपण काय शिकलो?' असंही विचारते. तो फटकन सांगतो, 'प्रयत्न सोडायचे नाहीत.' सकाळी पुन्हा चुरगाळलेला कागद. तात्पर्य सांगू नका म्हणता, मग त्याला कळणार तरी कसं?
*— साडेचार वर्षांच्या मुलाची आई*

त्याला कळलंय हो. तुम्हाला काय ऐकायचंय ते कळलंय, आणि तेवढं म्हटलं की दिवा मालवून झोपता येतं हेही कळलंय. ते वाक्य त्याने तुमच्यासाठी पाठ केलेलं आहे. कागदासमोर बसल्यावर त्याला हवं असतं ते निराळंच. रेघ वाकडी गेली, आता पुढच्या क्षणी करायचं काय?

आणलेल्या पुस्तकांपैकी कुठलंही एक उघडा आणि नायक अडतो ते पान काढा. बहुधा तिथे अशा अर्थाचं वाक्य असेल: त्याने खूप प्रयत्न केले आणि अखेर त्याला यश आलं. झालं! सगळी गंमत त्या 'खूप प्रयत्न केले'मध्ये होती, ती लिहिणाऱ्याने तीन शब्दांत उरकली. पहिल्यांदा त्याने काय केलं? ते फसलं कशामुळे? तो चिडला का, रडला का, सगळं टाकून थोडा वेळ दुसरंच काही करत बसला का? परत आला तेव्हा काय बदललं? पुस्तकात हे नसेल तर तुम्ही दोघांनी मिळून भरायचं. पान उलटण्याआधी थांबा आणि विचारा, 'आता याने काय करावं?' आणि तो जे सांगेल ते गोष्टीत खरोखर करून बघा.

बालवाडीत शिकवत असताना मी एका उंदराची गोष्ट सांगायचे. वाऱ्याने त्याची टोपी उडते आणि उंच फांदीला अडकते, एवढीच गोष्ट. पुढचं माझंही ठरलेलं नसायचं. मुलं उपाय सुचवायची, मी ते उंदराकडून करवून घ्यायचे, पण पहिल्या झटक्यात फळू द्यायचे नाही. एका वर्षी वर्गात एक मुलगा होता, शर्टाचं बटण लागलं नाही की जमिनीवर लोळण घेणारा. त्याने सुचवलं, 'दुसरी टोपी फेकून मारायची.' उंदराने मारली. तीही अडकली. वर्ग खो खो हसला, तोही हसला. मग म्हणाला, 'तिसरी नको. दगड मारायचा.' दगड गेला आणि उंदराच्याच पायावर येऊन पडला. जरा वेळ तो गप्प. मग एकदम, 'टोपीला दोरी बांधून फेकायची! अडकली की ओढायची, दोन्ही खाली येतील.'

सगळ्या वर्गात 'प्रयत्न सोडू नये' असं कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. पण आपला उपाय फसला, फसल्यावर हसता आलं आणि त्या फसण्यातूनच पुढचा उपाय निघाला, हे त्याने अनुभवलं. दुसरी टोपी अडकली नसती तर दोरी सुचली नसती. त्या दिवसापासून तो शहाण्यासारखा बटणं लावू लागला असं मात्र मी सांगणार नाही. लोळण हळूहळू कमी झाली आणि त्यात वयाचाही वाटा होताच.

आता तुमच्याबद्दल. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ज्युलिया लेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साधारण पंधरा महिन्यांच्या बाळांसमोर मोठ्या माणसाने डब्यातून खेळणं बाहेर काढलं. काही बाळांना दिसलं की या माणसाला डबा उघडायला बराच त्रास होतोय, पण तो धडपडतोय. काहींना दिसलं की डबा चुटकीसरशी उघडला. मग बाळांच्या हाती एक वेगळंच खेळणं दिलं, त्याचं मोठं बटण दाबलं तरी काहीच होत नव्हतं. ज्यांनी धडपड पाहिली होती त्या बाळांनी ते बटण जास्त वेळा दाबून पाहिलं.

पंधरा महिन्यांच्या बाळाला तात्पर्य कोण सांगणार? ते माणसाकडे बघतं. वाचताना आपल्याही अडण्याच्या जागा येतातच. दोन पानं चिकटलेली असतात, अवघड शब्दावर जीभ अडखळते, कालची खूण सापडत नाही. आपण ते गुपचूप निस्तरतो आणि मुलाला वाटतं, मोठ्यांचं काही अडतच नाही. गुपचूप करू नका, तोंडाने बोलत करा. 'चिकटलंय वाटतं. ओढलं तर फाटेल. खालच्या कोपऱ्यातून बघते... छे. नखाने?' यात नाटक नको, मुलांना ते ताबडतोब ओळखू येतं. खरं अडेल तेव्हाच बोला.

याच लेनर्ड यांच्या २०२१ च्या अभ्यासात आणखी एक दिसलं. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातातलं कोडं मोठ्यांनी मध्येच घेऊन सोडवून दिलं, तर पुढचं अवघड काम ते मूल लवकर सोडून देतं. तेव्हा खडू हातात कोंबला तरी त्याच्या कागदावर काढून देऊ नका. 'कुठे अडलं ते दाखव' म्हणा, शेजारी दुसरा कागद घ्या आणि तुमचं स्वतःचं चित्र काढत बसा. साडेचारव्या वर्षी डोक्यातलं चित्र हाताच्या फार पुढे असतं. त्याला घोडा लख्ख दिसत असतो आणि कागदावर गाठोडं उतरतं. राग येणारच. 'एवढ्यात काय रडायचं' म्हणून तो राग खोटा ठरवू नका.

एक युक्ती करून बघा. आवडत्या गोष्टीतल्या धडपड्या पात्राची एखादी वस्तू त्याला द्या, टोपी म्हणा, उपरणं म्हणा. ती घालून तो चित्र काढू दे आणि तो अडला की त्या पात्राला विचारा, 'काय हो उंदीरमामा, आता काय करायचं?' चार आणि सहा वर्षांच्या मुलांवर असा प्रयोग झालेला आहे. त्यांना कंटाळवाणं काम दिलं होतं आणि वाटेल तेव्हा शेजारचा खेळ खेळायची मुभा होती. जी मुलं एखाद्या मेहनती पात्राचं सोंग घेऊन बसली होती ती कामाला सगळ्यात जास्त वेळ चिकटून राहिली. हा अभ्यासही २०१७ चाच. 'तू का सोडून देतोस?' या प्रश्नात मुलगा आरोपी असतो. उंदीरमामाला विचारलं की दोघं मिळून टोपीकडे बघायला मोकळे.

आणि हो, झोपताना 'आपण काय शिकलो?' आजपासून बंद.

माझ्या तीन वर्षांच्या मुलीला गेले कित्येक दिवस रोज एकच पुस्तक लागतं. मला ते तोंडपाठ झालंय, तिलाही. एक ओळ गाळली तर ओरडते. नवीन पुस्तकांना हातही लावत नाही. याने तिची कल्पनाशक्ती खुंटेल का? शेवटी कंटाळून मी ते पुस्तक कपाटावर लपवलं आहे.
*— एक आई*

आधी ते खाली काढा.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला होता. काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानांवर पडले. तरी त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांच्या ते शब्द जास्त लक्षात राहिले. कारण समजायला अवघड नाही. पहिल्यांदा ऐकताना सगळं लक्ष 'पुढे काय होणार' यात जातं. पुढचं माहीत झालं की मग मूल कडेच्या गोष्टी बघायला मोकळं होतं, चित्राच्या कोपऱ्यातला बेडूक, तो न कळलेला शब्द, अस्वलाचा एकच मोजा.

शिवाय तीन वर्षांच्या मुलीच्या दिवसात तिच्या मर्जीप्रमाणे होतं तरी काय? उठवतात, आंघोळ घालतात, कपडे चढवतात, चल म्हणतात. या एका पुस्तकात तिला पुढचं सगळं ठाऊक आहे. ओळ गाळली की ती ओरडणारच.

तुमचा कंटाळा मात्र खरा आहे आणि त्यावर उपाय हवा. तिला ठाऊक असलेल्या शब्दाआधी थांबा आणि तो तिला म्हणू द्या. अधूनमधून मुद्दाम चुकीचं वाचा. वाघोबाच्या जागी शेळीला डरकाळी फोडायला लावा. ती तुम्हाला पकडेल, दुरुस्त करेल, आणि काही दिवसांनी स्वतःच चुकीचं सांगून तुम्ही पकडताय का ते बघेल. तिची कल्पनाशक्ती त्या दिवशी तुम्हाला दिसेल. नवीन पुस्तकासाठी साधा करार पुरतो, 'एक तुझं, एक माझं.' तिचं आधी.

बाई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त असून पाच वर्षांच्या नातीला रोज गोष्ट सांगण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. पण ही मुलगी गोष्ट पूर्ण होऊ देत नाही. कावळ्या-चिमणीची गोष्ट काढली तर 'कावळ्याचं घर शेणाचं का? त्याने चिमणीला विचारून मेणाचं का नाही बांधलं?' परवा तर तिने पावसात भिजलेल्या कावळ्याला बंद दारावर चित्रं काढायला लावली. मग ती चित्रं जिवंत झाली, मग आणखी काही. तासाभरानेही गोष्ट जागच्या जागी. आम्ही लहानपणी हाताची घडी घालून ऐकत असू. अशाने मुलीला एकाग्रता कशी येणार?
*— एक आजोबा*

आजोबा, हाताची घडी घालून तुम्ही किती ऐकत होता आणि किती खिडकीबाहेर बघत होता, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक! नातीचा प्रश्न नीट बघा. कावळ्याने मेणाचं का नाही बांधलं, हे विचारायला दोन्ही घरं लक्षात ठेवावी लागतात, पाऊस आल्यावर कुठलं टिकलं ते लक्षात ठेवावं लागतं आणि कावळ्याच्या जागी जाऊन मागे वळून बघावं लागतं. ती गोष्टीबाहेर गेलेली नाही, तुम्ही सांगताय त्याहून खोल आत शिरली आहे.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये सुमारे पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना घेऊन एक साधा प्रयोग केला. निम्म्या पालकांना शिकवलं की चित्रांचं पुस्तक वाचताना मुलाला बोलतं करा. एका शब्दात संपणार नाहीत असे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा. बाकीचे पालक नेहमीसारखं वाचत राहिले, वाचण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. महिनाभराने बोलण्याच्या एका चाचणीत पहिल्या गटातली मुलं सहा महिन्यांनी आणि दुसऱ्या चाचणीत साडेआठ महिन्यांनी पुढे होती. म्हणजे तुमच्या नातीने जे आपणहून सुरू केलंय ते इतरांना शिकवावं लागलं.

आता मला भीती वाटते ती वेगळीच. हे वाचून काही उत्साही पालक उद्यापासून दर पानावर प्रश्नांची सरबत्ती सुरू करतील. 'हा रंग कोणता? पक्षी किती? याला काय म्हणतात?' ही तोंडी परीक्षा झाली. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक आहे असा प्रश्न गोष्टीत शक्यतो नको. 'चिमणी दाराआड काय विचार करत असेल?' याचं उत्तर तुमच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही. म्हणून तो विचारण्यासारखा.

आणि 'कावळा आळशी होता म्हणून त्याचं घर वाहून गेलं' असं आपणच सांगून टाकलं तर काय होतं? २०११ मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक खेळणं दिलं होतं, त्यात शोधण्यासारख्या अनेक करामती दडलेल्या होत्या. काही मुलांना शिकवण्याच्या सुरात सांगितलं, 'हे असं चालतं', आणि एकच करामत दाखवली. ती मुलं तेवढीच करत राहिली आणि लवकर थांबली. ज्यांना तसं शिकवलं नव्हतं ती जास्त वेळ खेळली आणि त्यांना जास्त करामती सापडल्या. गोष्टीचा अर्थ आपण जाहीर करतो तेव्हा मुलाला वाटतं, एवढंच होतं तर इथे.

तरी तुमच्या तक्रारीत एक खरा मुद्दा आहे आणि तो मी सोडणार नाही. नवनवीन सुचत राहणं पाच वर्षांच्या मुलीला अवघड नाही, पण सुचलेलं निभावून नेणं अवघड. चित्रं जिवंत झाली, मग हत्ती आला, मग विमान आलं, आणि कावळा राहिला पावसात. इथे तुमची गरज आहे. आजोबांनी रागावून 'मूळ गोष्टीवर ये' म्हणू नये, तिच्याच गोष्टीचा धागा धरावा. 'कावळ्याने दारावर चित्रं काढली म्हणालीस. पण पाऊस तर पडतोय. रंग ओघळला नाही?' आता ती अडेल. अडू द्या. घाईने सुचवू नका, मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. कदाचित ती म्हणेल की रंग मेणाचा होता. कदाचित म्हणेल, ओघळला आणि त्या ओघळातूनच चिमणीला बाहेर कोण आहे ते कळलं. काहीही चालेल, फक्त आधीच्या गोष्टीशी त्याचा मेळ बसला पाहिजे. मुलांना कल्पनाशक्ती असते आणि चिकाटी शिकवावी लागते असं आपण धरून चालतो. माझं मत उलट आहे. आपलीच कल्पना तडीला नेताना मूल जेवढा वेळ टिकून राहतं, तेवढा वेळ ते दुसऱ्या कशासाठीच टिकत नाही.

दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत तुमची गोष्ट सरळ, न थांबता, तुमच्या ठसक्यात. मधले प्रश्न 'दुसऱ्या फेरीत' म्हणून बाजूला ठेवायचे. हात वर करून थांबायला तिलाही यायला हवं, तेवढी तुमची हाताची घडी मला मान्य आहे. दुसरी फेरी तिची. ती सांगेल ते तुम्ही वहीत उतरवून घ्यायचं, तिच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता. शिकागोच्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पॅली (१९२९–२०१९) वर्षानुवर्षं हेच करत. मुलाने सांगितलेली गोष्ट शब्दशः लिहून घ्यायची आणि नंतर सगळ्या वर्गाने ती करून दाखवायची, सांगणाऱ्याने आपल्याला हवं ते पात्र घ्यायचं. दुसऱ्या दिवशी वही उघडून तिची गोष्ट तिला वाचून दाखवा. 'अहो आजोबा, इथे विमान नको, खोडा' असं ती म्हणाली तर समजा ती संपादक झाली. खोडून टाका आणि तिला विचारा, मग इथे काय?

निवृत्त आहात, वेळ आहे, अक्षरही चांगलं आहे (पत्रावरून दिसतंय). मला तुमचा हेवा वाटतो.

मी कामावरून उशिरा घरी येतो. वाचताना पेंगतो, आवाज सपाट लागतो. पात्रांचे आवाज वगैरे मला जमत नाहीत. मुलगी अडीच वर्षांची. ती पुस्तक उलटं धरते, कोपरे चावते, दोन पानांनंतर पळून जाते. अशा वाचनाचा काही उपयोग आहे का?
*— एक बाबा*

आहे. वाचायला रात्रच कशाला हवी? सकाळी निघण्याआधीची पाच मिनिटं जास्त कामाची, दोघंही जागे असता. आवाज काढायचे नाहीत, साध्या बोलण्याच्या आवाजात वाचा. बाबांचा आवाज हाच तिच्यासाठी पुरेसा वेगळा असतो.

दोन पानांनंतर पळाली तर पुस्तक मिटू नका. तिथेच बसून पुढचं पान मोठ्याने वाचत राहा, बहुतेक वेळा ती परत येते. नाही आली तर आजचं झालं. पानं तिला उलटू द्या, चार एकदम उलटली तरी. गोष्ट तुटेल, तुटू दे. पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या आणि चावण्याकडे दुर्लक्ष करा.

'हुशार' म्हणू नये, 'शाबास' म्हणू नये, असं हल्ली ऐकते. मग मुलाने चांगलं काही केलं तर म्हणायचं तरी काय?
*— गोंधळलेली मावशी*

जे दिसलं ते म्हणायचं. 'मघाशी पान वरून उघडत नव्हतं, तू खालून उघडलंस.' 'काल राक्षसाला तीन डोळे होते, आज पाठीवरही एक आला.' यात कौतुक येतंच आणि आपलं नेमकं काय बघितलं गेलं हेही मुलाला कळतं.

या सल्ल्यामागे आधार आहे. एलिझाबेथ गंडरसन आणि सहकाऱ्यांनी चौदा ते अडतीस महिन्यांच्या मुलांचं घरातलं बोलणं-चालणं नोंदवून ठेवलं होतं आणि पाच वर्षांनी तीच मुलं पुन्हा गाठली. लहानपणी ज्यांच्या कानांवर त्यांच्या करण्याचं कौतुक जास्त पडलं होतं, ती सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड कामाला जास्त तयार दिसली. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तोंडातून 'शाबास' निघून गेलं म्हणून जीभ चावू नका. आणि दर वेळी 'किती मेहनत केलीस!' असं म्हणणंही तितकंच पोकळ, विशेषतः मेहनत न करता जमलेलं असतं तेव्हा.

उंदीर टोपी घालत नाही आणि कावळा बोलत नाही. मुलांना असल्या खोट्या गोष्टी सांगण्यापेक्षा खऱ्या माणसांच्या गोष्टी सांगाव्यात, असं माझं मत आहे. तुमचं?
*— एक वाचक*

अर्धं तुमच्या बाजूने. टोरांटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एक गोष्ट वाचून दाखवली. काहींच्या पुस्तकात पात्रं माणसं होती, काहींच्या पुस्तकात कपडे घातलेले प्राणी. नंतर आपल्या चिकटचित्रांतली इतरांना द्यायची वेळ आली तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी जास्त दिली. तेव्हा गोष्टीतली वागणूक मुलाने आपल्या आयुष्यात उचलावी अशी अपेक्षा असेल तर त्याच्यासारख्याच एखाद्या मुलाची गोष्ट निवडा. पण उपाय शोधायचे असतील, फजिती करायची असेल, टोप्यांवर टोप्या अडकवायच्या असतील, तर उंदीरच बरा. माणसाच्या पायावर दगड पडला तर मुलं हसत नाहीत, विचारतात, 'रक्त आलं का?'

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, आता स्वतः वाचू शकतो. तरी रात्री 'तूच वाच' म्हणतो. आळशीपणा वाटतो. दुसरं म्हणजे, पुस्तकं सुरू करतो आणि अर्धवट टाकतो. सुरू केलेलं पूर्ण करायचंच अशी सक्ती करावी का?
*— एक आई*

वाचून दाखवणं थांबवू नका. सातव्या वर्षी मूल स्वतः जे वाचू शकतं त्याहून बरंच अवघड ऐकून समजू शकतं. त्याच्या बळावर त्याला छोट्या वाक्यांचीच पुस्तकं झेपतील. तुमच्या तोंडून तो लांबलचक, अनेक रात्री चालणारी गोष्ट ऐकू शकतो. प्रकरण संपवूनच दिवा मालवायचा असा नियम करू नका, अवघड जागी थांबा. उद्यापर्यंत ती गोष्ट त्याच्या डोक्यात चालू राहील आणि सकाळी तो स्वतःचाच शेवट सांगत येईल. ऐका, पण खरा शेवट फोडू नका.

अधूनमधून एखादा परिच्छेद त्याला द्या. अडखळला तर शब्द लगेच पुरवू नका, थोडं थांबा. फार अडला तर पहिलं अक्षर सांगा, मग पुन्हा थांबा. दमला की पुस्तक तुमच्याकडे.

सक्तीबद्दल म्हणाल तर, नको. पुस्तक पूर्ण करणं आणि चिकाटी असणं यांचा मी फारसा संबंध मानत नाही. मी स्वतः कितीतरी पुस्तकं विसाव्या पानावर सोडलेली आहेत, आणि ती सोडली म्हणूनच दुसरी वाचायला वेळ मिळाला. मात्र का सोडलं एवढं विचारा. 'कंटाळवाणं आहे' एवढ्यावर भागवू नका, नेमकं कुठल्या पानाला कंटाळा आला ते दाखवायला सांगा. कधी कधी असं निघतं की पुस्तक कंटाळवाणं नव्हतं, एका अवघड पानावर गाडी अडली होती. तेवढं पान तुम्ही वाचून दिलं की पुढचं तो वाचतो. पण खरंच आवडलं नसेल तर प्रश्न मिटला.

सोडलेली पुस्तकं फळीच्या एका टोकाला वेगळी ठेवा. वर्षभरात त्यातलं एखादं तो आपणहून ओढून काढेल. उरलेली त्याला विचारून दुसऱ्या कुणाला देऊन टाका.